दूध पावडरीचा आयात परवाना: जनावर विकण्याआधी हे वाचा



परदेशातून दूध पावडर येणार अशी बातमी मोबाईलवर फिरली, की दुसऱ्या दिवशी सकाळी संकलन केंद्रावर तोच विषय. "आता दर पडणार, गाई काढून टाका" असं सांगणाराही भेटतो. तिसगाव परिसरात दुधाच्या पगारावर ज्यांचं घर चालतं, त्यांनी हा मेसेज सावकाश वाचावा.

जून २०२४ आठवा. गाईच्या दुधाला लिटरमागे पंचवीस-सत्तावीस रुपये मिळत होते. ४० रुपये मागत आपल्याच जिल्ह्यात, अकोले तालुक्यातल्या कोतूळला पुढे शेतकरी धरणं धरून बसले. राज्य सरकारने दूध संघांनी ३० रुपये द्यावेत, वर ५ रुपये अनुदान आणि पावडर निर्यातीला किलोमागे ३० रुपये, असं जाहीर केलं. आणि नेमक्या त्याच दिवसांत दिल्लीतून १०,००० टन दूध पावडर सवलतीच्या शुल्कात आणायला मंजुरी निघाली. मुंबई पावडर बाहेर घालवायला पैसे देतेय आणि दिल्ली आत घेतेय! शेतकरी चिडला, त्यात त्याचं काय चुकलं?

पण हा कोटा आला कुठून, तेही समजून घ्या. जागतिक व्यापार संघटनेत भारताने सुरुवातीला पावडरीवर शून्य टक्के आयात शुल्काचं वचन दिलं होतं. म्हणजे कुंपणच नव्हतं. १९९९-२००० च्या सुमारास पुन्हा वाटाघाटी करून ६० टक्क्यांपर्यंत शुल्क लावायची मुभा मिळवली. त्या बदल्यात दरवर्षी १०,००० टन पावडर १५ टक्क्यांत येऊ देण्याचं कबूल केलं. मक्याचा ५ लाख टनांचा कोटाही त्याच सौद्यातला. म्हणून "कोटा कायमचा बंद करा" ही घोषणा ऐकायला बरी वाटते, पण तो कुंपणासाठी मोजलेला मोबदला आहे. मला स्वतःला हा सौदा वाईट वाटत नाही.

आता आकडा बघा. एक किलो पावडरीला साधारण ११ लिटर दूध लागतं. १०,००० टन म्हणजे ११ कोटी लिटर. देशात रोज ६५ कोटी लिटरच्या आसपास दूध निघतं. म्हणजे पूर्ण कोटा आला तरी ते देशाचं चार तासांचं दूध. एवढ्याने लिटरला पाच रुपये पडायचं कारण नाही. दर पडतो तो आधीच पडून असलेल्या पावडरीने, आणि बातमीचं निमित्त करून पाडला जातो तो वेगळाच.

परवाना कुणालाही मिळत नाही, हेही लक्षात ठेवा. विदेश व्यापार महासंचालनालयाकडे ऑनलाईन अर्ज करावा लागतो, तिथली समिती कोटा वाटून देते. पावडरीसाठी राष्ट्रीय दुग्धविकास मंडळ, नाफेड अशा ठरवून दिलेल्या संस्थाच पात्र असतात. खासगी डेअरीवाल्याला स्वतः आणायची तर पूर्ण ६० टक्के भरावे लागतात. समजा बंदरात पावडर २०० रुपये किलोने पडली. १५ टक्क्यांनी शुल्क ३० रुपये, ६० टक्क्यांनी १२०. इतर उपकर सोडले तरी किलोला ९० रुपयांचा फरक, दुधाच्या हिशोबात लिटरला आठ रुपये. परवान्याच्या कागदाची किंमत ही एवढी आहे. म्हणूनच तो कुणाला, कधी मिळाला हे आपल्याला कळलं पाहिजे.

माझा खरा आक्षेप वेळेवर आहे. या कोट्यातला माल ३१ मार्चपर्यंत कस्टममधून सुटला पाहिजे, अशी अट असते. म्हणजे जूनमध्ये मंजूर झालेली पावडर डिसेंबर-जानेवारीतही उतरू शकते. तेव्हा आपल्याकडे पुष्टकाळ असतो, दूध जास्त आणि दर आधीच नरम. जागतिक व्यापार संघटनेचा नियम येऊ द्या म्हणतो, घ्याच म्हणत नाही. देशात पावडरीचे साठे पडून असतील त्या वर्षी परवाना न देण्याचा किंवा तो फक्त उन्हाळ्यातल्या टंचाईपुरता देण्याचा निर्णय दिल्लीला घेता येतो. ज्या संस्था शेतकऱ्यांच्या नावाने उभ्या आहेत, त्यांनी तरी अर्ज करण्याआधी साठा किती आहे आणि आणलेली पावडर कोणत्या महिन्यात, कुणाला विकणार, हे जाहीर करावं. एवढं मागायला आंदोलन लागू नये.

(मक्याचं गणित जरा वेगळं. आपल्यातले काही जण मका विकतात, पण बरेच जण मुरघास आणि पशुखाद्यासाठी विकत घेतात. त्यावर सगळ्यांचं एकमत होणार नाही, तो विषय पुन्हा कधीतरी.)

येत्या सर्वसाधारण सभेत या मागणीचा ठराव मांडणार आहोत. सोबत दुधाच्या दराचे पुरावे जोडायचे आहेत. तेव्हा मागच्या तीन महिन्यांच्या दूध पावत्यांचे, फॅट-एसएनएफ नीट वाचता येईल असे फोटो याच नंबरवर पाठवा. आणि केंद्रावर "आयातीमुळे दर कमी केला" असं कुणी सांगितलं, तर नवं दरपत्रक लेखी मागा आणि त्याचाही फोटो काढून ठेवा.