शंभर मीटरखालचा नकाशा

२६ एप्रिल २०१७ च्या सकाळी गोंदियाजवळच्या बिरसी धावपट्टीवरून निघालेले शिकाऊ विमान महाराष्ट्र-मध्य प्रदेश सीमेवर वैनगंगेच्या पात्रात कोसळले. नदीचा विसर्ग मोजण्यासाठी या काठापासून त्या काठापर्यंत ताणलेल्या तारेला ते धडकले होते. प्रशिक्षक आणि शिकाऊ वैमानिक दोघेही गेले. पुढे १८ मार्च २०२३ रोजी बिरसीवरूनच उडालेले, दुसऱ्या संस्थेचे एक विमान बालाघाट जिल्ह्यातल्या डोंगरात पडले. तिथेही दोन जीव गेले. दोन्ही अपघातांची कारणे एकाच मापाने मोजू नयेत. मात्र पहिल्या अपघातातली तार आपल्या प्रत्येक प्रशिक्षकाच्या डोळ्यांसमोर असायला हवी, आणि ती असतेच असे छातीठोकपणे म्हणता येत नाही.

दृश्य नियमांनुसार उडताना मोकळ्या प्रदेशावर जमिनीपासून किमान ५०० फूट आणि दाट वस्तीवर जवळच्या सर्वांत उंच अडथळ्याच्या वर १००० फूट, हे आपण पहिल्याच महिन्यात शिकवतो. परीक्षेत त्याचे गुणही मिळतात. खाली नदीचे रुंद, रिकामे पात्र पसरलेले असते तेव्हा मात्र ५०० फुटांचा आकडा मनातून निसटतो. पात्रात घर नसते, झाड नसते, म्हणून ते सुरक्षित वाटते. वैमानिकासाठी नदीइतकी फसवी जागा नाही. वीजवाहिन्या, जलमापनाच्या तारा, पूल हे सगळे नदीला आडवेच जातात.

तार मुळात दिसत नाही. मागे वाळू किंवा झाडी असेल तर अगदी जवळ येईपर्यंत दिसत नाही, आणि तोवर वळायला वेळ उरलेला नसतो. म्हणून अनुभवी वैमानिक तार शोधत बसत नाहीत, खांब शोधतात. आणि ओलांडायची वेळ आलीच तर खांबाच्या माथ्यावरून ओलांडतात. धोकादायक ठरणाऱ्या तारांवर किमान ६० सेंटिमीटर व्यासाचे रंगीत गोळे लावावेत, अशी आंतरराष्ट्रीय मानकांची शिफारस आहे. आपल्या ग्रामीण नद्यांवर असे गोळे किती ठिकाणी दिसतात, हे वाचकांना ठाऊक आहे.

नकाशातही या तारा सापडतील असे नाही. विमानतळांच्या परिसराबाहेर, देशभरासाठी अडथळ्यांची जी माहिती जमवणे आंतरराष्ट्रीय मानकांनुसार अपेक्षित आहे, ती १०० मीटर आणि त्याहून उंच अडथळ्यांची. नदीवरची तार सहसा याच्या कितीतरी खाली असते. म्हणजे जिथे तिचा धोका सर्वांत जास्त, नेमक्या त्या थरात आपला नकाशा कोरा आहे. तो आपल्यालाच भरावा लागेल.

गोंदिया जिल्ह्याचे दक्षिण टोक घ्या. अर्जुनी मोरगाव तालुक्यातला प्रतापगड, जवळचा इटियाडोह जलाशय, नवेगावबांधचे पाणी: आकाशातून ओळखायला याहून चांगल्या खुणा कोणत्या? एरवी प्रतापगडच्या डोंगराभोवती रान आणि तुरळक वस्ती. पण तिथे महादेवाचे देवस्थान आहे, दर्गा आहे, आणि महाशिवरात्रीला हजारो भाविक डोंगर चढतात. उघड्यावरच्या जमावालाही वस्तीचाच नियम लागू होतो. त्या दिवशी त्याच डोंगरावर ५०० फूट चालत नाहीत. हे कोणत्याही विमान नकाशात लिहिलेले नसते. गावच्या पंचांगात असते.

उन्हाळ्याची गोष्ट वेगळी सांगायला हवी. बिरसीची धावपट्टी समुद्रसपाटीपासून सुमारे १००० फुटांवर आहे. पारा ४२ अंशांवर गेला की हवा इतकी विरळ होते की विमान जणू साडेचार हजार फुटांवरून उडते आहे. चढण्याची ताकद घटते. सकाळच्या गारव्यात जो डोंगर किंवा जी तार सहज ओलांडता आली, ती दुपारी येईलच असे नाही. इंजिन बंद पडल्याचा सराव देताना प्रशिक्षक पुन्हा वर चढायचा निर्णय किती उंचीवर घेतो, यात ऋतूचा विचार दिसायला हवा. अनेक संस्थांत हा आकडा बारमाही एकच असतो. ते चूक आहे.

प्रत्येक प्रशिक्षण संस्थेने आपल्या सरावक्षेत्राची अडथळा-नोंदवही ठेवावी, अशी आमची स्पष्ट मागणी आहे. पावसाळा संपला की प्रशिक्षकांनी शिकाऊ वैमानिकांना जीपमध्ये घालून नदीकाठ फिरवावा. महावितरणचे लाइनमन, पाटबंधारे खात्याचे कर्मचारी, वनरक्षक आणि गावचे पोलीस पाटील यांच्याकडे ही माहिती तोंडपाठ असते; त्यांना कुणी विचारलेले नसते, इतकेच. नवी तार ओढली गेली तर कळवायला त्यांच्याकडे एक दूरध्वनी क्रमांक असावा. आणि कुणी हौसेने नदीवर खाली उतरले, तर त्याची चर्चा मित्रांत नव्हे, संस्थेच्या सुरक्षा बैठकीत व्हावी, मग तो प्रशिक्षक कितीही ज्येष्ठ असो.

पुढील अंकापासून या नोंदींसाठी आम्ही एक पान राखून ठेवत आहोत. नदीचे व जवळच्या गावाचे नाव, खांबांची अंदाजे उंची, अक्षांश-रेखांश आणि पाहिल्याची तारीख एवढे कळवले तरी पुरे.