आत्याने पक्ष बदलला म्हणे!

आमच्या माहेरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सध्या माझी चेष्टा चालू आहे. झालं काय, माझ्या वाढदिवसाला नातवाने एक लाल टोपी दिली. पुढे फेरारीचा घोडा, बाजूला ४४ आकडा. मी ती घालून हौसेने फोटो टाकला. पाच मिनिटांत भाच्याचं उत्तर आलं, "आत्या, इतकी वर्षं ज्याच्या नावाने बोटं मोडलीस, त्याचीच टोपी? तूपण आयाराम-गयाराम?" खाली रांगेने हसरे चेहरे. त्यात माझी सूनही.

याला तीन ओळींत उत्तर देता येत नाही आणि अंगठ्याने टाइप करणं मला अजून जमत नाही. म्हणून इथे लिहिते आहे. फॉर्म्युला वनमध्ये रस नसलेल्या मंडळींनी हा लेख सोडून दिला तरी राग नाही. भाच्याने मात्र शेवटपर्यंत वाचायचा आहे.

आधी गुन्हा कबूल करते. मी शूमाकरची. तो फेरारीत आला १९९६ साली, आणि २००० ते २००४ अशी ओळीने पाच विजेतेपदं त्याने मिळवली ती मी शाळेच्या वह्या तपासता तपासता पाहिली. २००७ मध्ये हॅमिल्टन आला. तो मला आवडला नाही. का आवडला नाही याचं कारण सांगता येणार नाही. वर्गात एखादा हुशार मुलगा उगीच डोक्यात जातो तसं. ११ ऑक्टोबर २०२० ला न्यूरबर्गरिंगवर त्याने शूमाकरच्या ९१ विजयांची बरोबरी केली. शूमाकरच्या मुलाने, मिकने, वडिलांचं हेल्मेट त्याच्या हातात दिलं. सगळ्यांचे डोळे पाणावले म्हणे. मी टीव्ही बंद करून ओट्याशी गेले आणि होती नव्हती ती सगळी भांडी घासून टाकली.

तेव्हा आरोप खोटा नाही. पण "खरा चाहता कधी बदलत नाही" असं जे वाक्य भाच्याने वर जोडलं आहे, त्याच्याशी माझं भांडण आहे.

बदलत नाही म्हणजे कुणापासून? या खेळात न बदलणारं आहे तरी कोण? प्रॉस्टचं बघा. १९८९ साली मोंझाला तो मॅक्लारेनच्या गाडीत जिंकला. पुढच्या वर्षी फेरारीत जाणार हे जाहीर झालेलं होतं. तर या गृहस्थाने मॅक्लारेनची ट्रॉफी पोडियमवरून खाली फेरारीच्या लोकांत सोडून दिली! लोकांनी झेलली. १९९१ मध्ये त्याच फेरारीने, गाडीला ट्रक म्हणाला म्हणून, त्याला मोसम संपायच्या आत घरी पाठवलं. किंवा कार्लोस साइन्झ. २०२४ चा मोसम सुरू व्हायच्या आधीच त्याला कळलं की पुढच्या वर्षी त्याच्या जागी हॅमिल्टन येणार. मार्चमध्ये अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं, आणि सुमारे दोन आठवड्यांनी पठ्ठ्या मेलबर्नला जाऊन फेरारीसाठी शर्यत जिंकला. तरी जायचं ते गेलाच. मग २०२५ मध्ये विल्यम्सच्या गाडीत बाकू आणि कतारला तिसरा आला. त्याच वर्षी त्याच्या जागी आलेल्या हॅमिल्टनला रविवारच्या एकाही शर्यतीत पोडियम मिळालं नाही. आता साइन्झच्या चाहत्यांनी काय करायचं होतं? लाल टोपी घालून बसायचं?

मालक ड्रायव्हर बदलतात, ड्रायव्हर मालक बदलतात, इंजिनियर सगळेच बदलतात. एड्रियन न्यूई विल्यम्समधून मॅक्लारेनमध्ये, तिथून रेड बुलमध्ये, तिथून २०२५ मध्ये अ‍ॅस्टन मार्टिनमध्ये गेला. त्याला कुणी गद्दार म्हणत नाही, "करिअर" म्हणतात. निष्ठेची अपेक्षा फक्त त्या माणसाकडून, जो तिकिटाचे आणि टोपीचे पैसे स्वतःच्या खिशातून देतो.

भाचा म्हणेल, "मी माणसाचा नाही, मी संघाचा. मी रेड बुलचा." बरं. हा संघ १९९७ मध्ये स्ट्युअर्ट होता, मग जॅग्वार झाला, २००४ च्या शेवटी एका शीतपेयाच्या कंपनीने विकत घेतला. म्हणजे आमच्या घराण्याची निष्ठा एका पत्र्याच्या डब्याशी! त्या डब्यावर वीस वर्षं देखरेख करणाऱ्या हॉर्नरला जुलै २०२५ मध्ये काढलं. लॉसन नावाच्या पोराला तर दोन शर्यतींतच हलवलं. भाच्या, २०१३ पर्यंत तुझ्या खोलीत वेटेलचं पोस्टर होतं. २०१५ ला तो फेरारीत आला आणि पुढच्या दिवाळीत तू मला सांगत होतास की तो मुळात कधी मोठा नव्हताच, सगळी करामत गाडीची होती. चार विजेतेपदं एका उन्हाळ्यात पुसली गेली. हे पक्षांतर नव्हे, कारण पोस्टर तू बदललंस, शर्ट नाही.

आणि संघ म्हणजे तरी काय असतं? सिल्व्हरस्टोनच्या ट्रॅकसमोरचा तो एकच कारखाना घ्या. आधी जॉर्डन. आपला नारायण कार्तिकेयन २००५ मध्ये पहिला भारतीय म्हणून फॉर्म्युला वनमध्ये उतरला तो यांच्याच गाडीत. मग मिडलंड, मग स्पायकर, मग २००८ पासून फोर्स इंडिया. तेव्हा आपण सगळ्यांनी देशभक्तीने उर भरून घेतला. ड्रायव्हर एकही भारतीय नव्हता, कारखाना इंग्लंडात, पण गाडीवर तिरंग्याचे रंग! २००९ ला स्पा इथे फिसिकेला दुसरा आला तेव्हा मी शेजारी पेढे वाटले होते. पेढे संपायच्या आत फिसिकेला फेरारीत गेला, पुढच्याच शर्यतीला. २०१८ मध्ये कंपनी बुडाली, नाव रेसिंग पॉइंट झालं, २०२१ पासून अ‍ॅस्टन मार्टिन. यातल्या कुठल्या पायरीवर मी निष्ठावान राहायचं होतं? कारखाना तोच, बरेचसे कामगार तेच. २०२० ला साखीरला पेरेझ पहिल्या फेरीअखेर सगळ्यांत मागे होता आणि तिथून जिंकला, तेव्हा मला मनापासून आनंद झाला. पण भारतीय म्हणवून घ्यायला तिथे काही उरलं नव्हतं. पेरेझलाही त्या संघात जागा उरली नव्हती, हे आणखी वेगळं. पक्ष कुणाचा आणि चिन्ह कुणाचं, हे आपल्या राज्यात ठरवायलासुद्धा निवडणूक आयोग लागला. इथे तर तोही नाही.

तर माणूस गेला, संघ गेला. उरला रंग. रंगाशी एकनिष्ठ बघायचे तर इटलीतले फेरारीवाले. १९८३ मध्ये इमोलाला रिकार्डो पात्रेसे, म्हणजे त्यांच्याच देशाचा, पडुआचा मुलगा, ब्राभमच्या गाडीत आघाडीवर आला आणि लगेच कठड्यावर आदळला. हजारो इटालियन आनंदाने ओरडले, कारण मागून येणारा फ्रेंच तांबे (आपला नव्हे हो, पॅट्रिक तांबे) फेरारीत होता. मला त्यांचं दुःख कळतं. त्यांचा लाडका जिल विलनव आदल्या मे महिन्यात झोल्डरला गेला होता आणि तांबेच्या गाडीवर त्याचाच २७ आकडा होता. पण पात्रेसेच्या आईने तो आवाज ऐकला असेल तर?

हेच लोक २०१३ मध्ये मोंझाला जिंकलेल्या वेटेलची हुर्यो उडवत होते. दोन वर्षांनी लाल कपड्यात त्याच्यासाठी गात होते. २०१८ मध्ये तिथेच जिंकलेल्या हॅमिल्टनची हुर्यो उडवली. २०२५ मध्ये तो तिथे सहावा आला तरी त्याच्या नावाचा गजर. म्हणे आम्ही बदललो नाही, ते आमच्याकडे आले! मग आधीच्या शिव्या माणसाला होत्या की शर्टाला?

आणि न बदलण्याचा एवढा टेंभा मिरवायचा तर बार्सिलोनाही आठवा. फेब्रुवारी २००८, सराव चालू होता. अलोन्सोशी एकनिष्ठ असलेले काही स्पॅनिश तरुण तोंडाला काळं फासून, टोप लावून कठड्याशी उभे राहिले आणि हॅमिल्टनला त्याच्या रंगावरून हिणवत राहिले. डिसेंबर २०२१ मध्ये अबू धाबीला बिचारा लटिफी शेवटच्या फेऱ्यांत आपटला, त्यामुळे सेफ्टी कार आली आणि पुढचं सगळं रामायण घडलं. तर त्याला जिवे मारण्याच्या धमक्या. लंडनमध्ये त्याने शरीररक्षक घेतले. धमक्या देणारे सगळे पक्के निष्ठावंत होते. आयाराम-गयाराम असल्या भानगडीत पडत नाही.

दरवर्षी जिंकणाऱ्याची टोपी घालणारे असतात, मला माहीत आहे. २०२५ ला नॉरिस दोन गुणांनी विजेता ठरला आणि आमच्या सोसायटीत अचानक पपईच्या रंगाचे शर्ट दिसू लागले. मलाही त्यांचं हसू येतं. पण मी तर हरणाऱ्याकडे गेले ना! सत्तेसाठी पक्ष बदलणारे असे वागत नाहीत.

आता माझी खरी चूक सांगते. ती टोपीची नाही.

बत्तीस वर्षं मराठीचे पेपर तपासले. मी उत्तरपत्रिकेचा वरचा कोपरा, नावाचा, दुमडून ठेवत असे. शाळेत हसायचे मला. पण रविवारी टीव्हीसमोर बसले की हा कोपरा मी कधीच दुमडला नाही. १९९७ ला हेरेझला शूमाकर विलनवच्या (जिलच्या मुलाच्या) गाडीवर सरळ जाऊन आदळला, त्या वर्षीचं दुसरं स्थान काढून घेतलं गेलं. मी म्हटलं, फार कडक शिक्षा. २००६ ला मोनॅकोत पात्रता फेरीत अलोन्सो मागून वेगाने येत असताना याने रास्कासच्या वळणावर गाडी उभी केली. पंचांनी शेवटी ढकललं. मी घरात सगळ्यांशी भांडले की ब्रेक लागला नसेल, माणूस आहे. मोठ्या आवाजात भांडले. तेच वर्स्टॅपनने केलं असतं तर मी त्याला गुंड म्हटलं असतं, आणि म्हटलेलं आहे. ती गाडी मुद्दाम उभी केली होती. आज लिहून देते.

आता तुझी पाळी. २०२१ ला सिल्व्हरस्टोनला हॅमिल्टनचा धक्का लागून वर्स्टॅपन आपटला, तेव्हा तू "खुनी" शब्द वापरलास. २०२५ मध्ये स्पेनला वर्स्टॅपन रसेलच्या अंगावर गेला, दहा सेकंदांची शिक्षा होऊन दहावा आला, तेव्हा तुझा शब्द होता "पॅशन". कोपरा दुमड, बाळा.

आणि एक गोष्ट, जी तुला बहुतेक कुणी सांगितली नाही. तुझे बाबा सेन्नाचे. (सेना नव्हे. त्यावरून आमच्या आईचा फार गोंधळ व्हायचा.) १९९४ साली सेन्ना मॅक्लारेन सोडून विल्यम्समध्ये गेला, बाबाही गेले. आम्ही कुणी काही म्हटलं नाही. १ मे, महाराष्ट्र दिन, रविवार. शाळेला सुट्टी लागली होती म्हणून मी चिंचवडला तुमच्याकडे आले होते. संध्याकाळी साडेपाचला इमोलाची शर्यत सुरू झाली. पुढचं सगळ्यांना माहीत आहे. तू तेव्हा पाळण्यात होतास. दादा त्या रात्री जेवला नाही, आणि शूमाकर ती शर्यत जिंकला ही गोष्ट त्याने शूमाकरला कधी माफ केली नाही. त्याचा त्यात काही दोष नव्हता, तरीही. त्याच वर्षी अ‍ॅडलेडला शूमाकरने डेमन हिलला धडक देऊन विजेतेपद घेतलं, मग तर दादाला कारणच मिळालं. सहा वर्षं आम्ही बहीण-भाऊ एका खोलीत बसून शर्यत पाहिली नाही. भाऊबीजेला विषय काढायचा नाही असा वहिनीचा नियम होता.

१० सप्टेंबर २०००. मोंझा. शूमाकर जिंकला, त्याचा एकेचाळिसावा विजय, सेन्नाच्या बरोबरीचा. पत्रकारांनी त्याबद्दल विचारलं आणि तो बोलायला गेला तो एकदम रडायलाच लागला. थांबेना. शेजारी बसलेल्या हाकिनेनने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. दहा मिनिटांनी माझा फोन वाजला. दादा होता. "पाहिलंस का गं?" एवढंच म्हणाला आणि मग बराच वेळ काही बोलला नाही. पुढच्या शर्यतीला तो सकाळीच माझ्याकडे आला, येताना चितळ्यांची बाकरवडी घेऊन.

मला दादाची ती गोष्ट आठवली ती अबू धाबीला. शेवटच्या फेरीत सगळं हातचं गेलेलं, तेही पंचांनी नियम वाकवल्यामुळे, आणि हॅमिल्टन गाडीतून उतरून वर्स्टॅपनला जाऊन भेटला, अभिनंदन केलं. मागोमाग त्याचे वडीलही गेले. त्या दिवशी तो मर्सिडीजच्या काळ्या कपड्यात होता. लाल कपडे तीन वर्षांनी आले. तेव्हा टोपीमुळे मी बदलले हा तुझा जो शोध आहे, त्याची तारीख तेवढी दुरुस्त करून घे.

दादा शर्यतींचे गुण एका दोनशे पानी वहीत लिहून ठेवायचा. १९९४ च्या पानावर इमोलानंतर काहीच नाही. २००० च्या पानावर मोंझासमोर "शूमाकर ४१" असं लाल शाईने लिहून खाली दोन रेघा मारल्या आहेत. वही माझ्या कपाटात आहे. येशील तेव्हा घेऊन जा. टोपी मात्र मी काढणार नाही.