बॅटरी रात्रीतून उतरते कशी?

इटियाडोह धरणाजवळच्या गावात आमचे साडभाऊ राहतात. जुनी व्हॅन घेऊन अर्जुनी-मोरगावच्या रेल्वे स्टेशनापर्यंत सवारी न्यायची, त्यावरच घर चालते. गेल्या हिवाळ्यात गाडी एक दिवस उभी राहिली की दुसऱ्या सकाळी सेल्फ नुसता ‘कट्‌ कट्‌’ करी. पहिली फेरी बुडे. दुकानदार म्हणाला, बॅटरी गेली. उधारीवर नवी बसवली, पंधरा दिवसांत तीही तशीच! आणखी एक घ्यायच्या बेतात असताना आम्ही जाऊन थडकलो.

“भाऊ, आधी चोर शोधू, मग पैसे खर्चू,” आम्ही म्हटले.

बॅटरी पूर्ण चार्ज करून रात्रभर मायनसची वायर काढून ठेवली. सकाळी मीटरवर साडेबारा व्होल्टच्या वर, म्हणजे बॅटरी शाबूत. गाडी चालू करून पाहिले तर चौदा व्होल्ट, म्हणजे अल्टरनेटरही चार्जिंग करतो आहे. तेव्हा गाडी बंद असताना कोणीतरी वीज पीत होते.

आता मल्टिमीटर दहा अँपिअरवर लावला. मायनसची वायर काढून, लाल टोक वायरला आणि काळे टोक बॅटरीच्या मायनसला धरले. (वाचकहो, मीटर असा जोडलेला असताना सेल्फ मारू नका, हेडलाईट लावू नका, मीटरचा फ्यूज उडेल. बॅटरीजवळ विडीही नको, तिच्यातून निघणारा वायू पेट घेतो.) दारे बंद करून पाहिले, आकडा ०.४० अँपिअर! चांगल्या गाडीत तो साधारण ०.०५ च्या आत असतो. नव्या गाड्यांत मात्र दारे लावून अर्धा तास थांबावे, तेव्हा तो खाली येतो.

मग एकेक फ्यूज काढायचा. ज्या फ्यूजला आकडा पडेल, त्या लाईनवर चोर. आमची पंचाईत अशी, की सगळे फ्यूज निघाले तरी आकडा हलेना! वहिनी म्हणाल्या, “फ्यूजमधून न जाणारी वायर असेल तर?” आम्ही मीटर धरून बसलो होतो, आणि सुचले त्यांना. अल्टरनेटरची वायर काढून पाहिली, फरक नाही. बॅटरीच्या प्लसवरून निघालेली एक बारकी लाल वायर चटईखालून मागच्या सीटपर्यंत गेली होती. तिथे आधीच्या मालकाने बसवलेला टेपचा ॲम्प्लिफायर! टेप बंद, तरी हाताला कोमट. वायर सोडताच आकडा जवळजवळ शून्य.

हिशेब करून पाहा. पस्तीस अँपिअर-अवरची बॅटरी. दोन रात्री आणि एक दिवस, म्हणजे छत्तीस तासांत चौदा गेले. छोट्या फेऱ्यांत ती आधीच पुरती भरलेली नसते, वर थंडी. सेल्फ फिरणार कसा?

ॲम्प्लिफायरला आता चावीवरून लाईन दिली आहे, मध्ये फ्यूजही घातला. जुनी बॅटरी साडभाऊंनी दुकानात टाकली नव्हती. चार्ज करून तपासली, ती अजून चालते.