आद्याक्षरांचा प्रश्न

जावास्क्रिप्ट शिकवताना स्ट्रिंगच्या धड्यात एक ठरावीक उदाहरण येते : एखादे नाव व्हेरिएबलमध्ये ठेवा आणि 'चारॲट' वापरून त्याचे पहिले अक्षर काढा. इंग्रजी नावाला हे बिनबोभाट चालते. तेथे 'प्रल्हाद केशव अत्रे' हे नाव घालून पाहावे. उत्तर येते 'प. क. अत्रे'. पुरुषोत्तम लक्ष्मण देशपांडे होतात 'प. ल.'. ज्या भाषेत 'प्र. के.' आणि 'पु. ल.' ही आद्याक्षरेच माणसांची नावे होऊन बसली, तिच्या बाबतीत ही चूक किरकोळ म्हणता येणार नाही.

कारण सरळ आहे. जावास्क्रिप्ट अक्षरे मोजत नाही. यूटीएफ-१६ या संकेतनातील एकके मोजते. युनिकोडमधील देवनागरीची मांडणी १९८८ च्या 'इस्की' या भारतीय मानकावर आधारलेली असून तीत मात्रांना आणि हलन्त चिन्हाला स्वतंत्र संकेतांक आहेत. त्यामुळे 'प्र' म्हणजे प, हलन्त आणि र. 'प्रल्हाद'मध्ये आपल्याला तीन अक्षरे दिसतात. 'लेंग्थ' सांगते आठ. ही मांडणी मुळीच सदोष नाही. असंख्य जोडाक्षरांना वेगवेगळे संकेतांक देण्यापेक्षा ती शहाणपणाचीच आहे.

दोष आहे तो 'लेंग्थ म्हणजे अक्षरांची संख्या' असे शिकवण्यात. मराठी विद्यार्थ्याचा पडताळा चुकला, की तो निष्कर्ष काढतो : आपली लिपीच संगणकाला गैरसोयीची. मग सरावापुरती इंग्रजी नावे घेण्याची सवय लागते, आणि पुढे त्याच्याच हातून मराठी नावे अर्ध्यावर तोडणारे अर्ज तयार होतात.

नवशिक्यांना इतक्या खोलात कशाला न्यावे, असा आक्षेप येईल. परंतु हसऱ्या चेहऱ्याच्या एका इमोजीची 'लेंग्थ'ही दोन भरते. म्हणजे इंग्रजी विद्यार्थीही या खड्ड्यात कधीतरी पडणारच. आपण तेथे पहिल्याच दिवशी पोहोचतो, एवढेच. उपायही उपलब्ध आहे. लिपीच्या नियमांनुसार मजकुराचे तुकडे पाडणारा 'इंटल.सेगमेंटर' २०२४ पासून सर्व प्रमुख ब्राउझरांत आहे. जोडाक्षर अखंड मानण्याचा नियम २०२३ च्या युनिकोड १५.१ मध्ये आला. त्यापूर्वीच्या नियमांवर चालणाऱ्या ब्राउझरात मात्र 'प्र' अजूनही फुटतो.

जावास्क्रिप्टमध्ये व्हेरिएबललाही 'नाव' असे देवनागरी नाव देता येते. पहिला धडा तेथूनच सुरू व्हावा, आणि त्या 'नावा'त विद्यार्थ्याने स्वतःचे नाव लिहावे. ते चुकीचे तुटले, तर का तुटले हे समजावून सांगणे हाच स्ट्रिंगचा खरा धडा होय.