जागा वाढल्या, शिकवणे कधी बदलणार?

२०१६ साली आयआयटींच्या बी.टेक. प्रवेशांत मुलींचा वाटा जेमतेम ८ टक्के होता. २०१८ पासून त्यांच्यासाठी वाढीव जागा आल्या, मुलग्यांची एकही जागा न घटवता, आणि काही वर्षांतच हे प्रमाण २० टक्क्यांच्या आसपास पोहोचले. निर्णय योग्यच होता. फळ्यासमोरचा तास मात्र त्यामुळे आपोआप बदलत नाही.

तो बदलता येतो, हे कॅलिफोर्नियातील हार्वी मड कॉलेजने दाखवले. तिथे २००६च्या सुमारास संगणकशास्त्र घेणाऱ्यांत मुली साधारण १० टक्के होत्या. प्राध्यापकांनी पहिल्या सत्राचा अभ्यासक्रमच उलगडून पुन्हा बांधला. जावाऐवजी पायथन आणली. शाळेपासून कोडिंग करणाऱ्यांची तुकडी वेगळी केली आणि कधीच न केलेल्यांना स्वतंत्र तुकडीत शून्यापासून शिकवले. प्रत्येक प्रश्नाला हात वर करणाऱ्या हुशारांना बाजूला घेऊन सांगितले, ‘ही चर्चा आपण तासानंतर करू.’ (असे एक-दोन विद्यार्थी प्रत्येक वर्गात असतातच!) काही वर्षांत मुलींचे प्रमाण ४० टक्क्यांच्या घरात गेले.

आपल्याकडे २०२१ मध्ये एआयसीटीईने भारतीय भाषांतून अभियांत्रिकीला परवानगी दिली. पिंपरी चिंचवड कॉलेज ऑफ इंजिनीअरिंगने संगणक अभियांत्रिकी मराठीतून सुरू केली. स्वागतच. पण घरी लॅपटॉप नसलेली मुलगी आणि दहावीपासून कोडिंगचे क्लास केलेला मुलगा एकाच बाकावर, एकाच वेगाने शिकणार असतील, तर भाषा बदलूनही तिची दमछाक होणारच. पहिल्या सत्रात दोन तुकड्या करायला नवी इमारत लागत नाही. वेळापत्रक आणि प्राध्यापकांची तयारी लागते.