घरचे विज्ञान : फ्यूज गेला, यंत्र वाचले!

परवा शेजारचे चिरंजीव विचारू लागले, “काका, ५ व्होल्टच्या पॉवर सप्लायचा फ्यूज सारखा उडतो. जाड तार घालू?”

म्हटले, “थांब बाबा!”

नियंत्रण करणारा ट्रान्झिस्टर शॉर्ट झाला, की मागचे ९-१० व्होल्ट थेट पुढे घुसतात. आणि टीटीएल जातीच्या आयसीची कमाल सहनशक्ती अवघी ७ व्होल्टची! म्हणून तेथे ‘क्रोबार’ बसवितात. दाब ६ व्होल्टच्या आसपास चढताच झेनर डायोड थायरिस्टरला इशारा देतो. थायरिस्टर दोन्ही टोके क्षणात शॉर्ट करतो. दाब कोसळतो, फ्यूज वितळतो. जाड तार घातलीत, तर हा पहारेकरीच जळेल. मग यंत्राला वाली कोण?

तेव्हा वाचकहो, फ्यूज उडाला, तर तार नव्हे, दोष शोधावा!