फौजी जर्सी आणि म्हातारपणची थंडी

हिवाळ्यात आजोबांच्या डोक्यावर चढणारी माकडटोपी मूळची रणांगणावरची आहे. इंग्रजीतले तिचे नाव क्रिमियातील बालाक्लाव्हा गावावरून पडले. तेथे २५ ऑक्टोबर १८५४ रोजी घोडदळाच्या सुप्रसिद्ध चढाईचे नेतृत्व लॉर्ड कार्डिगन यांनी केले आणि पुढून बटणे लावायच्या स्वेटरला त्यांचे नाव मिळाले. त्यांचे सेनापती लॉर्ड रॅग्लन यांनी १८१५ साली वॉटर्लू येथे उजवा हात गमावला होता. गळ्यापासून काखेपर्यंत तिरकी शिवण असलेली बाही आजही शिंपी ‘रॅग्लन’ म्हणूनच ओळखतात. ऊब ही सैन्याची निकड होती. घरात ती मागाहून आली.

आमच्या सातारा जिल्ह्यात तर ती थेट ट्रंकेतून येते. निवृत्त फौजीच्या घरी काळी लोखंडी ट्रंक हमखास असते. झाकणावर पांढऱ्या रंगात नाव, हुद्दा आणि नंबर. आत कागदपत्रे, पदके, अंगोला शर्ट आणि खांद्याला-कोपराला कापडी ठिगळे लावलेल्या हिरव्या जर्स्या. बंदुकीचा पट्टा आणि दस्ता यांच्या घर्षणाने लोकर झिजू नये म्हणून ही ठिगळे. उभ्या पट्ट्यांच्या घट्ट विणीमुळे जर्सी अंगाबरोबर ताणली जाते आणि पुन्हा मूळ आकारात येते. लोकरीचा तंतू कुरळा असल्यामुळे त्यात हवा अडकून राहते आणि ही अडकलेली हवाच खरी ऊब देते. शिवाय लोकर आपल्या वजनाच्या जवळपास एक तृतीयांश बाष्प शोषूनही ओली लागत नाही. घाम येणाऱ्या अशक्त रुग्णाला ॲक्रिलिकपेक्षा मी लोकरच सुचवतो, ती याच कारणासाठी.

माझ्या रुग्णांपैकी शहात्तर वर्षांच्या एका सुभेदारसाहेबांकडे अशा अकरा जर्स्या आहेत. काही स्वतःच्या, काही सोबत्यांनी दिलेल्या, दोन-तीन छावणीबाहेरच्या दुकानांतून हौसेने घेतलेल्या. कोणती कोणत्या ठाण्यावरची, हे ते वीण चाचपून सांगतात. कोजागिरीला ट्रंक उघडायची आणि होळीला बंद करायची, हा त्यांचा शिरस्ता. एका वर्षी एप्रिल उजाडला तरी जर्सी अंगावरून उतरेना. मुलगा म्हणाला, “डॉक्टर, अण्णांना तुम्हीच समजवा. लोक हसतात. घरात जर्स्यांचा नुसता पसारा झालाय, देऊन टाकतो म्हटलं तर बोलत नाहीत दोन दिवस.” सुभेदारसाहेब एवढेच म्हणाले, “डॉक्टरसाहेब, थंडी वाजते.”

घरच्यांनी ऐकायला हवे होते ते हेच वाक्य. जर्सीचा नाद जुना होता, थंडी मात्र नवी होती. त्यांची त्वचा कोरडी पडली होती, आवाज घोगरा झाला होता, नाडी मंद होती, बद्धकोष्ठतेची तक्रार होती आणि बोलणेही संथ झाले होते. ‘वय झालं’ या दोन शब्दांत घराने हे सारे गुंडाळून ठेवले होते. रक्ततपासणीत टीएसएच बराच वाढलेला निघाला. थायरॉइड ग्रंथी मंदावली होती. वृद्धांच्या हृदयावर एकदम ताण पडू नये म्हणून औषध अल्प मात्रेत सुरू करून हळूहळू वाढवावे लागते. ते सकाळी उपाशीपोटी घ्यायचे आणि कॅल्शियम वा लोहाच्या गोळीपासून चार तास दूर ठेवायचे. काही महिन्यांत ते पुष्कळ सावरले. पुढच्या होळीला ट्रंक वेळेवर बंद झाली, हे सूनबाईंनी मला आवर्जून कळवले.

भर उन्हाळ्यात स्वेटर मागणाऱ्या वृद्धाची थायरॉइड, हिमोग्लोबिन आणि वजन यांची तपासणी करून घ्यावी. तोवर कपडा ओढून काढू नये. मात्र दुपारी जाड लोकरीऐवजी पूर्ण बाह्यांचे सुती कपडे एकावर एक घालावेत. उतारवयात घाम आणि तहान दोन्ही कमी होतात, त्यामुळे उष्माघाताचे भय खरे असते.

डोक्यातून घालायचा स्वेटर हे आणखी एक प्रकरण. हात वर आणि चेहरा लोकरीत, अशा क्षणी तोल गेलेले कितीतरी जण मी पाहिले आहेत. तो खुर्चीत बसूनच घालावा. पक्षाघात झालेला असल्यास दुबळा हात आधी घालावा आणि काढताना शेवटी काढावा. खांदा आखडलेल्यांना पुढून उघडणारा कार्डिगनच बरा. जर्सी मधोमध कापून तिला चेन लावून घेता येते. सुभेदारसाहेबांना हे सुचवण्याची माझी छाती नाही!

लोकर टोचते ती बहुधा तंतू जाड असल्यामुळे, ॲलर्जीमुळे क्वचितच. आत पूर्ण बाह्यांचा सुती बनियन पुरेसा होतो. कसर लागते ती घाम आणि अन्नाचे डाग राहिलेल्या लोकरीला अधिक. म्हणून रिठ्याच्या गार पाण्यात धुऊन, सावलीत आडवी पसरून, पूर्ण वाळल्यावरच जर्सी ठेवावी. डांबराच्या गोळ्यांविषयी मी कठोर आहे. विस्मरण झालेले वृद्ध त्या पेपरमिंट समजून तोंडात टाकतात. जी-६-पीडी या विकराची जन्मजात कमतरता असलेल्या तान्ह्या बाळाच्या रक्तपेशी त्यांच्या नुसत्या वाफेनेही फुटू शकतात आणि बाळाला तीव्र कावीळ होते. ट्रंकेतली लोकर दोन दिवस उन्हावाऱ्यात ठेवून, धुऊन मगच अंगावर घ्यावी. आणि नातवंडाला मांडीवर घेण्यापूर्वी आजोबांच्या जर्सीचा वास एकदा घेऊन पाहावा.